हरकत राखून

शहरातल्या लोकांचा जसा फॅमिली डॉक्टर असतो, तसा आमच्याकडे प्रत्येक घराला एक वकील असतो. सरकारने नवं शहर वसवायला जमिनी घेतल्या तेव्हा वकील आले, आणि खटले संपले तरी ते गेले नाहीत. लग्नाची पहिली पत्रिका अजून त्यांच्याच घरी जाते. आमच्या वकिलांचं नाव नंदकिशोर. माझे वडील धनाजी यांच्या जमिनीच्या खटल्यात ते तेवीस वर्षं उभे राहिले. वडील मधेच गेले, पुढे मी उभा राहिलो. त्यामुळे माझ्या मुलाचा घटस्फोट ठरला तेव्हा मी कोणाकडे धाव घेतली असेल, हे वेगळं सांगायला नको. ज्याला हसायचंय त्याने हसून घ्यावं. माझी बायको पुतळा अजून हसते.

ठरला तो रविवारी, जेवताना. आमची बिल्डिंग उलव्यात आहे, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जो साडेबारा टक्क्यांचा तुकडा परत मिळाला त्याच्यावर उभी. पहिल्या मजल्यावर आम्ही दोघं, दुसऱ्या मजल्यावर दिपेश आणि मनस्वी. म्हणजे दिपेशचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पण दिपेश स्वतः वर्षभर खारघरला भाड्याने राहत होता. महाप्याला डेटा सेंटरमध्ये नोकरी, रात्रपाळी, इथून लांब पडतं, असं त्याने सांगितलं आणि आम्ही दोघांनी ते गिळलं. मुलगा घर सोडून गेला आहे आणि सून घरात आहे, हे आमच्या डोक्यात एकदाही शिरलं नाही. इतकी ती आमची होती.

त्या रविवारी सुक्या बोंबलांचं कालवण होतं. दिपेशने दोन भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतला आणि म्हणाला, "पप्पा, आमी वेगळं व्हायचं ठरवलंय. दोघांनी मिळून."

"वेगलं म्हंजे?" पुतळा म्हणाली. "चूल वेगली करताव का काय?"

"डिव्होर्स, आई."

मी मनस्वीकडे पाहिलं. ती खाली मान घालून ताटातले काटे एका बाजूला लावत होती. रडत नव्हती. म्हणजे आधीच रडून झालेलं होतं, आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, आणि आम्हाला खाली टीव्हीच्या आवाजात काही कळलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मग नेहमीप्रमाणे त्या लाजेचा राग झाला आणि तो मी दिपेशवर काढला. दारू आहे का? नाही. दुसरी कोणी आहे का? नाही. हात उचललास का? त्यावर मनस्वीच म्हणाली, "पप्पा, आमी कधी भांडलोपण नाय. तेच बघा ना. आठ वर्षांत एकदापण नाय. भांडायला पण माणसाला काय तरी वाटावं लागतं."

मी आणि पुतळा गेली छत्तीस वर्षं रोज भांडतोय.

मग दिपेशने पुढचं सांगितलं. सगळं समजुतीने करायचं. एकच वकील, तो दोघांचं बघतो. त्याचं पॅकेज असतं, कोर्टात दोनदा जायचं, बस. ऑफिसातल्या मित्राने तसंच केलं होतं.

इथे मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांना एक वकील? माझ्या वडिलांना जमिनीचा कागद शाळेच्या हॉलमध्ये एका साहेबाने वाचून दाखवला होता. वाचून दाखवणारा आणि जमीन घेणारा एकच माणूस. वडिलांना अक्षरओळख नव्हती. साहेब बोलायला गोड होता, त्याने चहा पाजला, वडिलांनी अंगठा दिला. त्या अंगठ्यापायी आम्ही तेवीस वर्षं बेलापूरच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, कागद वाचणारा आपला असला पाहिजे.

"हिला वडील नाहीत," मी म्हणालो. "भाऊ पेणला, त्याला त्याचाच व्याप. हिचा वकील मी बघणार. आणि दिपेश, तू सावध राहा. मी हिच्या बाजूने आहे."

"माहीत होतं मला," दिपेश म्हणाला. बिचाऱ्याला हसू येत होतं की रडू, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मनस्वीने लॅबमधून सुट्टी घेतली. ती नेरुळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. हात इतका हलका की लहान मुलंही रडत नाहीत. रोज सकाळी सात वाजता ती खाली यायची, माझं बोट टोचायची, साखरेचा आकडा एका निळ्या डायरीत लिहायची आणि आकडा जास्त आला की डायरीवरून माझ्याकडे नुसतं बघायची. त्या दिवशी आकडा एकशे नव्वद आला. तिने वर न बघता लिहिला. मग मी तिच्या स्कूटरवर मागे बसलो आणि सासरा-सून घटस्फोटाचा वकील शोधायला बेलापूरला निघालो. वाटेत सिग्नलला ओळखीचा एक जण भेटला, म्हणाला, "काय काका, सुनेबरोबर कुठे?" मी म्हणालो, "देवाला."

नंदकिशोर वकिलांचं आता वय झालंय. कानाला यंत्र, टेबलावर त्याच जुन्या दोऱ्यांच्या फायली. त्यांनी माझं ऐकून घेतलं, सवयीने कोरा कागद ओढला आणि लिहायला लागले.

"मोबदला किती देऊ केलाय?"

"अजून आकडा आला नाही."

"बरं. कब्जा कोणाकडे आहे?"

"दुसऱ्या मजल्याचा? हिच्याकडेच."

"मग कब्जा सोडायचा नाही," ते मनस्वीला म्हणाले. "कब्जा सोडला की केस अर्धी गेली. पहिला आकडा येईल तो घ्यायचा, पण सहीखाली काय लिहायचं? कमळाकर, सांग हिला."

"हरकत राखून," मी म्हणालो. झोपेतून उठवून विचारलं तरी मी हे सांगेन. पैसे घेतले म्हणजे तुम्हाला सगळं मान्य आहे असं समोरचा धरून चालतो. म्हणून सहीखाली दोन शब्द लिहायचे, हरकत राखून. म्हणजे हातात आलं ते घेतलं, पण आम्ही राजी नाही, आम्ही पुन्हा येणार. वडिलांच्या अंगठ्याखाली हे दोन शब्द नव्हते. ते लिहायला कोणी सांगितलंच नाही. त्यानंतर आमच्या घरात एवढी धास्ती बसली की मी मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा एकदा सही करून खाली 'हरकत राखून' लिहिलं होतं. गणितात कमी मार्क दिले होते.

मनस्वी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, पण मला केस नाय करायची. माझी काय जमीन गेली नाय."

नंदकिशोर वकिलांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बरोबर बोलतेस पोरी," ते म्हणाले. "कमळाकर, हे माझं काम नाही. मला एकच भाषा येते. खालच्या मजल्यावर संघमित्रा बसते. माझ्याकडे सहा वर्षं ज्युनिअर होती, आता फक्त घरातल्याच केस बघते. तिच्याकडे जा."

ऍडव्होकेट संघमित्रा तांबे. वय चाळिशीच्या आत, केस बारीक कापलेले, टेबल इतकं स्वच्छ की मला शंकाच आली. वकिलाच्या टेबलावर धूळ नाही म्हणजे काम नाही, असा माझा समज. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी हिचा सासरा."

"मग तुम्ही बाहेर बसा, काका."

"अहो, मी हिच्या बाजूने आहे. माझ्याच मुलाच्या विरुद्ध."

"मग तर बाहेरच बसा."

मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाऊण तास बसलो. असा अपमान माझा सरकारी ऑफिसातही झाला नव्हता, आणि मी तिथे तेवीस वर्षं गेलो होतो. आतून मनस्वीचा आवाज येत होता, पण शब्द नाही. बराच वेळ तीच बोलत होती. आमच्या घरात ती सलग इतकं कधी बोलल्याचं मला आठवेना.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा हलका. "चांगल्या आहेत," ती म्हणाली. मग पायऱ्यांवर उभं राहून तिने मला सगळं समजावलं. दोघं राजी असले तरी दोघांचे वकील वेगळे असलेले बरे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मला फसवलं. (इथे मी मान डोलावली. निदान ही वकील पोरगी शिकलेली होती.) आधी समजुतीचा करार करायचा, मग पनवेलच्या कोर्टात दोघांनी मिळून अर्ज. कोर्ट साधारण सहा महिने विचार करायला देतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोर्टाचा उशीर आवडला. आणि दोघांनी वेगवेगळं बसून लिहून आणायचं, लग्नात काय आणलं, दोघांनी मिळून काय केलं, आणि आता पुढे काय लागणार आहे.

मनस्वीची यादी मी नंतर चोरून वाचली. हे बरोबर नाही, पण वाचली. आणलेलं म्हणून आईने दिलेलं सोनं आणि स्कूटर. मिळून केलेलं म्हणून फ्लॅटचं सगळं फर्निचर, स्वयंपाकघर, फ्लॅटच्या बांधकामासाठी दोघांनी फेडलेलं कर्ज. पुढे काय लागणार, याच्याखाली कोरं. तिने तारीखसुद्धा घातली नव्हती.

ते कोरं बघून मला राहवेना. दिपेशला फोन केला, दरडावून म्हणालो, "बोल, काय देतोस?" माझी तयारी होती. तो कमी सांगणार, मी भडकणार, चार-सहा महिने ओढाताण, मग कुठेतरी मधे. दिपेश म्हणाला, "पप्पा, दुसरा मजला तिच्या नावावर करतो. पूर्ण. मला काय नको."

झालं. समोरचा पहिल्याच आकड्याला सगळं देतो म्हणाला तर माणसाने करायचं काय? मी म्हणालो, "नीट विचार कर." तो म्हणाला, "केलाय." मला राग आला आणि पोराचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदम, आणि दोन्ही बोलून दाखवता येईनात म्हणून मी विचारलं, "जेवलास का?"

त्या संध्याकाळी मी बसून कराराचा मसुदा केला. वकिलांची भाषा मला येतेच. कलम एक, दुसरा मजला मनस्वीच्या नावे. कलम दोन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि पार्किंग यांवर तिचा कायमचा हक्क, त्यास कोणी आडकाठी करू नये. कलम तीन, गच्चीवर तिची तुळस आहे तिथेच राहील. कलम चार लिहिताना मी जरा थांबलो, मग लिहिलं, रविवारचं जेवण पहिल्या मजल्यावर, पूर्वीप्रमाणे. पुतळा शेजारी कोलंबी सोलत होती. तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. पुतळा बोलली नाही की मी सावध व्हायला हवं, पण मी माझ्याच अक्षरांवर खूश होतो.

पुढच्या बैठकीला संघमित्राने मला आत बसू दिलं, कारण दिपेशही आला होता आणि त्याचे पॅकेजवाले वकीलही. चांगला गृहस्थ होता, फक्त सारखा फोन यायचा त्याला. मी खिशातून मसुदा काढला. मनस्वी म्हणाली, "द्या, मी वाचते." मी म्हणालो, "माझं अक्षर तुला लागणार नाही, बाय. मी वाचून दाखवतो." आणि मी वाचला. कलम एक ते चार, खणखणीत. दिपेश खाली बघत होता. वाचून झाल्यावर मी मनस्वीकडे पेन सरकवलं.

संघमित्राने ते पेन उचलून आपल्यासमोर ठेवलं. "काका, एक विचारू? हिला कुठे राहायचंय, हे कोणी विचारलंय का?"

"त्यात विचारायचं काय? स्वतःचा फ्लॅट मिळतोय."

"मनस्वी, तुला कुठे राहायचंय?"

मनस्वीने आधी माझ्याकडे पाहिलं, माफी मागितल्यासारखं. मग म्हणाली, "कामोठ्याला. लॅबमधली माझी मैत्रीण तिथे राहते. तिच्या बिल्डिंगमध्ये वन आर के आहे."

"वन आर के?" मी म्हणालो. "अगं, दोन बेडरूमचा सोडून?"

"पप्पा, मला नाय राहता येणार तिकडे." तिचा आवाज अगदी हळू होता. "उद्या दिपेशचं दुसरं लग्न होईल. व्हायला पायजे. नवीन मुलगी जिन्यात भेटेल, विचारेल, तुम्ही कोण? मी काय सांगू? रविवारी खाली जेवायला येईन, ती वाढेल मला. तुमी सगळे चांगले आहात, म्हणूनच नाय जमणार. वाईट असता तर फ्लॅट घेऊन राहिले असते."

मी हातातल्या माझ्या कागदाकडे पाहिलं. कागद माझा, अक्षर माझं, वाचून मी दाखवला, आणि सहीसाठी पेनही मीच पुढे केलं. आणि त्या कागदाने जे ठेवून घेतलं जाणार होतं, तेही माझ्यासाठीच. तिला घर देतोय असं मी म्हणत होतो, पण मला तिला ठेवून घ्यायचं होतं. सकाळी सात वाजता जिन्यात तिच्या चपलांचा आवाज हवा होता मला. शाळेच्या हॉलमधला तो साहेब मी आयुष्यभर शिव्या घालण्यासाठी जपून ठेवला होता. त्या दिवशी तो माझ्या खुर्चीवर बसला होता. मी तर चहासुद्धा मागवला होता सगळ्यांना.

मी मसुद्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. "मी बाहेर बसतो," म्हणालो. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

घरी पुतळाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मना तवाच कललं होतं. तुमी पोरीला साडेबारा टक्के द्यायला निघालेलाव. सगलं घ्यायचं न तिच्यातलाच एक तुकरा परत तिच्या हातावर ठेवायचा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मना पन ती इथंच पायजे होती," पुतळा म्हणाली आणि पदराने डोळे पुसून भाताकडे वळली. त्या रात्री आम्ही भांडलो नाही. बरं वाटलं नाही ते.

करार दीड महिन्यात तयार झाला. त्यात माझा एकही शब्द नाही आणि तरीही तो चांगला आहे, हे मला कबूल करावं लागतं. दुसरा मजला विकायचा आणि जे येईल ते निम्मं निम्मं. दिपेश सगळंच देत होता, पण मनस्वी म्हणाली, कर्ज दोघांनी फेडलं तर निम्मंच. संघमित्राने दोघांनाही सांगितलं की जास्त देणं आणि कमी घेणं दोन्ही पुढे मनात सलतं, बरोबर तेवढंच करा. सोनं, स्कूटर तिची. फ्लॅट विकून कामोठ्याचं घर हाती येईपर्यंतचं भाडं दिपेशने भरायचं. पोटगी तिने नको म्हटली, नोकरी आहे म्हणाली, पण आजारपण आलं तर एक वर्षाच्या खर्चाचा आधार संघमित्राने हट्टाने लिहून घेतला. आणि यादीतल्या त्या कोऱ्या जागेत मनस्वीने अखेर लिहिलं होतं, स्वतःच्या नावाची दाराबाहेर पाटी. संघमित्रा म्हणाली, हे कलमात बसत नाही, पण आपण लक्षात ठेवू. दिपेशने ती पाटी करून घेतली. सागवानी, कोरलेली. त्याने ती मनस्वीच्या हातात दिली तेव्हा दोघं बराच वेळ गॅलरीत उभी राहून बोलली, हसलीसुद्धा. आठ वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. मला वेड्याला क्षणभर वाटलं, आता काही तरी होईल. काही झालं नाही. मित्र होणं त्यांना जमत होतं, तेवढंच जमत होतं.

निघण्याआधीच्या आठवड्यात मनस्वीने पुतळाला माझं बोट टोचायला शिकवलं. पुतळाला ते नको इतकं आवडलं. "येवरीशी टोचनी? मोटी नाय मिलत का?" असं तिने विचारलं. मनस्वी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

सह्यांचा दिवस शुक्रवार होता. कराराला दोन साक्षीदार लागतात. संघमित्राचं म्हणणं, घरचे नकोत, बाहेरचे घ्या. मनस्वी म्हणाली, "पप्पाच पायजेत." मग दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मान्य केलं आणि साक्षीदार म्हणून मी आणि पुतळा बेलापूरला गेलो. कागद चौदा पानांचा. या वेळी तो मनस्वीने वाचला. मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे थांबून दोन ठिकाणी प्रश्न विचारून. नंतर दिपेशने वाचला. कोणी कोणाला वाचून दाखवला नाही.

आधी दिपेशची सही. मग मनस्वीची, वळणदार, रक्ताच्या बाटलीवर नाव लिहिते तशी नीट. पुतळाने जीभ दातात धरून सहा अक्षरं एकेक काढली, आडनावाची तीन धरून. मग कागद माझ्याकडे आला. मी सही केली आणि कागद संघमित्राकडे परत सरकवला.

तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं. "काका, हे काय लिहिलंत?"

मी वाकून बघितलं. माझ्या सहीखाली, माझ्याच अक्षरात, दोन शब्द होते. हरकत राखून. देवाशपथ सांगतो, हात आपोआप गेला. इतक्या वर्षांची सवय आहे ती. पण खोटं कशाला बोलू, लिहिताना कुठेतरी मला कळलंही होतं.

"साक्षीदाराला हरकत नसते काका," संघमित्रा म्हणाली. ती चिडली नव्हती. "तुम्ही फक्त सह्या तुमच्यासमोर झाल्या एवढंच सांगताय. कोर्ट विचारेल, कशावर हरकत आहे? काही अन्याय झालाय का करारात?"

"नाही," मी म्हणालो. "करार चोख आहे. तुम्ही फार चांगलं काम केलंत."

"मग हरकत कशावर?"

दिपेश उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला. पुतळाने माझ्या दंडावर हात ठेवला. शेवटी मीच म्हणालो, "ती जातेय त्याच्यावर. बाकी कशावर नाही."

संघमित्राने शेवटचं पान काढून घेतलं आणि कॉम्प्युटरकडे वळली. "नवीन प्रिंट काढते," म्हणाली, आणि उगाचच बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. नव्या पानावर सगळ्यांनी पुन्हा सह्या केल्या. मी माझं नाव लिहिलं आणि पेनाला लगेच टोपण लावलं.

खराब झालेलं पान टेबलावर तसंच पडलं होतं. संघमित्रा ते फाडायला निघाली, तर मनस्वीने हात पुढे केला. "मॅडम, ते मला द्या."

"त्याला काही किंमत नाही आता."

"माझ्या यादीत घाला," मनस्वी म्हणाली. "पुढे काय लागणार, त्याच्याखाली."

तिने पान घेतलं, माझ्या सहीखालच्या दोन शब्दांवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "पप्पा, हे लिहिलं की पुढे काय होतं?"

"दार बंद होत नाही," मी म्हणालो. "माणसाला पुन्हा येता येतं."

"किती दिवसांत?"

"जमिनीला सहा आठवड्यांची मुदत असते." मी पेन खिशाला अडकवलं. "तुला मुदत नाही, बाय."

तिने पानाची चौघडी घातली आणि पर्समध्ये, सोन्याच्या डबीशेजारी ठेवली. मग खाली जाऊन स्कूटर काढली. पुतळा आणि दिपेश रिक्षाने येणार होते. मी नेहमीसारखा तिच्या मागे बसलो. तिने हेल्मेट घातलं, आरशात माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सकाळी आकडा किती होता?"

"एकशे बेचाळीस."

"लिहिला का डायरीत?"

"तुझ्या आईने लिहिला," मी म्हणालो, आणि आम्ही उलव्याकडे निघालो.